शून्य नंबरचा चष्मा

हरसिंग मिस्त्रींशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांशी. यवतमाळला दारव्हा रोडवर टिनाच्या शेडमध्ये त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. केव्हाही जा, कुठल्यातरी गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले असायचे, उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेले. गिऱ्हाइकं त्या पायांशीच बोलत. चहावाला कप पायांजवळ ठेवून अंगठ्याला टिचकी मारी, मग गाडीखालून एक हात यायचा आणि कप आत जायचा. एकदा एका ठेकेदारानं त्या पायांवर दहा मिनिटं तोंडसुख घेतलं. जीप कधी देणार, किती फसवाल, लाज कशी नाही, सगळं. शेवटी ते पाय उठून बसले तर तो एक ट्रक ड्रायव्हर निघाला. सावली पाहून तिथे झोपला होता बिचारा. मिस्त्री शेजारच्या मेटॅडोरखालून सगळं ऐकत होते.

"चिंधी पाहून बोलत जा ना भाऊ," ते खालूनच म्हणाले. "कोनाच्याबी पायाले शिव्या देते का?"

मिस्त्री मूळचे नेरकडच्या एका बंजारा तांड्यातले. आजोबा बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहून नेणारे. मिस्त्रींना गाडी म्हणजे बैलच वाटे, आणि बैलाला जो मान द्यायचा तो ते गाडीला देत. माणसांना सरसकट 'तू' म्हणणारे हे गृहस्थ जुन्या गाडीला 'तुमी' म्हणायचे. आमच्या मोटारीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "काय झालं बाई तुमाले?" आणि मग माझ्याकडे वळून, "काय केलं बे तू याहिले?"

मी म्हटलं, "मिस्त्री, मी सरकारी कचेरीत नोकरीला आहे."

"मंग? बाई तुह्याहून मोठी हाय वयानं. तुले काहून तुमी म्हनू?"

हे खरं होतं. आमची ती विलायती मोटार माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. वडिलांनी एका निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. रंग दुधी, चेहरा मानपान राहून गेलेल्या आत्याबाईसारखा. वडील तेव्हा होते. रोज संध्याकाळी ते अंगणात उभ्या असलेल्या मोटारीत मागच्या सीटवर बसून पेपर वाचत, आणि पेपर संपला की म्हणत, "चला, आलं घर."

दर पाच वर्षांनी तिला पासिंगला न्यावं लागे. त्या वर्षी तपासणीचे साहेब वाकले, छोट्या हातोडीनं चेसिस ठोकत ठोकत मागे गेले आणि मागच्या आडव्या दांड्यावर हातोडी मारली ती आतच गेली. त्यांनी ओढली तर भोकातून भुईमुगाची टरफलं गळायला लागली. गळतच राहिली. साहेबांनी मला विचारलं, "हे काय?" मी कमी बोलणारा माणूस, आणि त्यात अवघड प्रश्न. मी म्हटलं, "उंदीर असेल." साहेबांनी कागदावर लिहिलं : 'चेसिस कुजलेला. आत भुईमूग.' नापास. दुरुस्त करून पुन्हा आणा, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की मोटार उरत नाही, वडिलांना पेपर वाचायला भंगार उरतं.

चेसिसचं काम अख्ख्या जिल्ह्यात मिस्त्रींसारखं कोणी करत नसे. त्यांची तपासायची रीत वेगळी होती. पान्यानं चेसिस ठोकायची आणि कान लावून ऐकायचं. लोखंड कुठे जाड आहे, कुठे पापड झालंय, हे ते आवाजावरून सांगत. एकदा ऐकलेली चेसिस ते विसरत नसत. कुणी गाडीचा रंग बदलून, पाट्या बदलून आणली तरी एक ठोका मारून म्हणत, "हे तं कळंबच्या सावजीची होती. कोनाले शेंडी लावून राह्यला?"

ऐकून झालं की खडू. खडू ही त्यांच्या दुकानातली सगळ्यात पवित्र वस्तू. जे ठेवायचं त्याला गोल, जे कापायचं त्यावर फुली. एकदा खडू लागला की डोकं बंद करायचं, अशी त्यांची पद्धत होती. "डोयानं पाहाचं, कानानं आयकाचं, खडूनं लिवाचं. मंग कापतानी इचार करतो थो मेला. अर्ध्यात मन बदललं का गाडी वाकडी." एका गिऱ्हाइकाच्या कोपरानं एकदा एक फुली पुसली गेली, तर त्यांनी त्याला गाडीसकट हाकलून दिलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली, आणि ती माझ्या पोटात जाऊन बसली.

आमच्या मोटारीला त्यांनी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. मला पुढच्या बाजूला उभं करून, वाकायला लावून सगळं समजावलं. मागचा आडवा दांडा, फुली. एका बाजूचा लांब दांडा पुढच्या टोकाला आतून कुजलेला, फुली. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जागी गोल. "इथं तुह्या बाईचा नंबर हाय. डांबराखाली. बोटानं पाय, लागते का?" मी बोट लावलं. गंजू नये म्हणून फासलेल्या डांबराच्या थराखाली खडबडीत आकडे लागले. चेसिसवर ठोकलेला हा नंबर म्हणजे मोटारीचं जन्मनाव. तो नसेल तर कागदावरची मोटार आणि समोरची मोटार एकच आहे हे ब्रह्मदेवही सिद्ध करू शकत नाही.

कापाकापी दसऱ्यानंतर करायची ठरली. आता इथून पुढचं जे आहे, ते मी पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी झेंडूचा हार, हळदकुंकू आणि आपट्याची पानं घेऊन दुकानात गेलो. दर वर्षी मोटारीची पूजा आमच्या अंगणात होते, या वर्षी ती ठोकळ्यांवर, तर पूजा तिथे. मिस्त्री तांड्यात गेले होते. दुकानामागच्या खोलीतून त्यांच्या पत्नी सोनाबाईंनी कुलूप काढून दिलं. आता पूजा म्हटली की आधी आंघोळ. मी बकेट मागितली, सोनाबाईंनी दिली. मी चष्मा काढून खिशात ठेवला, कारण माझा नंबर साडेचार आणि काचेवर पाणी उडालं की मला काहीच दिसत नाही. मग शँपू टाकून वरून धुतली, बाजूंनी धुतली. आणि हात फिरतच होता म्हणून, आईचे पाय धुवावेत तशा भक्तीनं, खालूनही धुतली.

चष्मा लावून वाकलो तर चेसिस लख्ख. एक फुली नाही, एक गोल नाही. पांढरं पाणी ओघळत नालीत चाललेलं.

मी तिथे उकिडवा बसलो. मी कचेरीत रेकॉर्ड रूमला. वीस वर्षांत एका आकड्यावर दुसरा आकडा गिरवलेला नाही, हा माझा एकुलता एक अभिमान. आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर मी मिस्त्रींच्या फळीवरचा खडू उचलला, मोटारीखाली शिरलो आणि आठवून आठवून सगळं पुन्हा काढलं. मागची फुली काढली. पुढची फुली काढली. गोल काढला. नंबर चाचपून पाहायचं सुचलं नाही. घाई अशी की बोटांना अक्कल राहिली नव्हती. आठवण अगदी बरोबर होती. फक्त, मिस्त्रींनी मला दाखवलं तेव्हा मी पुढून वाकून पाहत होतो, आणि आता मी त्याच बाजूनं शिरून उताणा पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कापायला बसले. मी ग्राइंडरची वायर धरून उभा. मागचा दांडा निघाला, ओंजळभर टरफलं आणखी निघाली. मग पुढची फुली. ठिणग्या उडाल्या आणि मध्येच ग्राइंडर थांबला.

"बाबू," खालून आवाज आला, "लोखंड तं चांगलं लागून राह्यलं इथलं."

ही माझी वेळ होती. देवानं याहून स्पष्ट कुणाला विचारलं नसेल. मला तेव्हाही डावं-उजवं कळलेलं नव्हतं, पण खडू माझा आहे एवढं तर माहीत होतं. माझ्या घशातून आवाज निघाला तो "हं" असा.

"जाऊ दे. खडू म्हनते काप, तं काप." आणि ग्राइंडर पुन्हा सुरू झाला.

काम इतकं सुंदर झालं की जोड शोधून सापडेना. मिस्त्री स्वतः पासिंगला आले, नवा सदरा, डोक्याला लाल पागोटं. साहेबांनी मागच्या दांड्यावर हातोडी मारली, घंटेसारखी वाजली. साहेब खुश. म्हणाले, "वा! आता नंबर दाखवा, पेन्सिलनं ठसा घेऊन टाकू."

मिस्त्री खाली शिरले. आम्ही त्यांच्या पायांकडे पाहत उभे. बराच वेळ पाय हलले नाहीत. मग अंगठ्याची चिंधी थरथरली. मिस्त्री बाहेर आले तेव्हा पागोटं सुटलं होतं आणि ते माझ्याकडे न पाहता मोटारीला म्हणाले, "बाई, म्या तुमचा नंबर कापला."

साहेबांना हसू आवरेना. "काय मिस्त्री, आधी भुईमूग, आता हे!"

"चूक माही हाय साहेब. याची काई गलती नाही. माहे डोये गेले."

मी खिशातून रुमाल काढला आणि माझा चष्मा पुसत राहिलो. खूप वेळ पुसला.

कापलेला तुकडा तोवर भंगारात गेला होता. भंगारवाल्यानं डोकं खाजवून सांगितलं की तो कळंबच्या बाजारात एका हातगाडीवाल्यानं नेला. मिस्त्रींनी मला मोपेडवर मागे बसवलं आणि आम्ही कळंब गाठलं. दिवसभर हिंडलो. हातगाडीवाला म्हणे कुणीतरी नेला, कोण ते आठवत नाही. दुपारी थकून चिंतामणीच्या देवळाच्या वाटेवर चहा प्यायला बसलो. मिस्त्री बशीतल्या चहात पाहत होते. तेवढ्यात मागच्या गल्लीतून टण् टण् टण् असा आवाज आला. मिस्त्रींच्या हातातली बशी खाली.

"बाई!" ते ओरडले. "बाबू, ऊठ! आपली बाई बोलून राह्यली!"

मी त्यांच्यामागे धावलो. एका घराच्या ओट्यावर शिकवणी वर्गाचा बोर्ड, आणि आढ्याला तारेनं टांगलेला आमच्या चेसिसचा हातभर तुकडा. एक सर लोखंडी सळईनं तो बडवत होते. डांबर खरवडून त्याला निळा रंग दिला होता, त्यातून आकडे स्वच्छ दिसत होते.

सर काही केल्या देईनात. "अहो, या घंटेनं वर्गाला शिस्त लागली. आधी पोरं तास संपला तरी उठत नव्हती."

"मास्तर, हे घंटा नाही, हे आमच्या बाईची चेशी हाय."

"असेल. पण आता आमच्या वायफायचा पासवर्डही हाच नंबर आहे. सगळ्यांना समोर दिसतो, विसरायला होत नाही."

शेवटी देवळापाशी जाऊन मिस्त्रींनी पितळेची मोठी घंटा विकत आणली. सरांनी ती वाजवून पाहिली, वर्गातल्या चार मुलांनी आपोआप हात जोडले, आणि सौदा झाला. "पासवर्ड मात्र मी बदलणार नाही," सर म्हणाले. आजही कळंबला त्या गल्लीत इंटरनेट हवं असेल तर आमच्या मोटारीचं जन्मनाव टाकावं लागतं.

तुकडा जागेवर बसला, अर्ज झाले, फोटो झाले, मोटार पास झाली. वडील मागच्या सीटवर बसून म्हणाले, "चला, आलं घर." इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण चार दिवसांनी मिस्त्री माझ्या घरी आले. "चल बाबू, चष्मा घेऊ. तुले अनुभव हाय." मी त्यांना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो. मीच. दुकानदारानं तक्ता दाखवला. मिस्त्रींनी वरपासून खालपर्यंत वाचला, आणि तळाशी छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"काका, तुमचा नंबर शून्य आहे. चष्म्याची गरजच नाही."

"बरोबर तपास. मले दिसत नाही असं नाही. मले चुकीचं दिसते."

"त्याला काच नसते हो काका."

"हाय थे काच दे."

त्यांनी साध्या काचेचा चष्मा घेतला, जाड काळ्या काड्यांचा. आरशात पाहून मला विचारलं, "कसा वाटते?" मी म्हटलं, "छान." त्या दिवसापासून तो चष्मा त्यांच्या नाकावर आणि माझ्या छातीवर.

आणि त्यांनी चेसिस कापणं सोडलं. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, उन्हाळ्यात कूलरचे स्टँड. अमरावतीहून लोक जुन्या जीपा घेऊन येत, मिस्त्री चष्म्यावर बोट ठेवून म्हणत, "डोये गेले. दुसरा मिस्त्री पाय." गाडीखाली पाय दिसेनासे झाले. चहावाल्याला कप कुठे ठेवावा कळेना. मी तिथून सायकलवर जाताना पलीकडच्या बाजूनं जायचो. कधी नजरानजर झालीच तर ते हात वर करत, "बाई बऱ्या हाय ना?" मी मान डोलवायचो. कूलरचा स्टँड जोडण्याआधीही ते सोनाबाईंना हाक मारून विचारत, "हे सरळ हाय का वं?" ज्या माणसाला लोखंडाचा आवाज कळतो, तो कूलर सरळ आहे का हे विचारत होता.

पाच वर्षं अशी गेली. वडील गेले. मोटारीची पुन्हा पासिंगची वेळ आली. नवे साहेब, नवी हातोडी. मागे ठोकलं, टणक. उजवीकडे ठोकलं, टणक. डावीकडे पुढच्या बाजूला ठोकलं आणि हातोडी आत. बरोबर तिथेच, जिथे मी दसऱ्याला गोल काढला होता. मला प्रथमच नीट समजलं, मी उताणा पडून काय केलं होतं ते. या वेळी आतून टरफलंसुद्धा निघाली नाहीत; उंदरानंही ती जागा टाकली होती.

मी दुकानात गेलो. मिस्त्री एका फाटकाला कडी लावत होते.

"मिस्त्री, डावा दांडा गेला."

"दुसरा पाय."

"तुम्हीच करा."

"तुह्या बाईचा नंबर कापला म्या. अजून काय कापू? हे पाय," त्यांनी चष्म्यावर बोट ठेवलं.

मग मी सांगितलं. उभ्याउभ्या, एका दमात. हार, शँपू, बकेट, पुसलेल्या फुल्या, उताणा पडणं, "लोखंड चांगलं लागून राह्यलं", रुमाल, चष्म्याचं दुकान. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. शेवटी म्हटलं, "तुमचे डोळे चांगले आहेत. तो खडू माझा होता."

मिस्त्रींनी हातातली कडी खाली ठेवली. मागच्या दारात सोनाबाई उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बकेट तं मीनंच देल्ली होती. मले वाटलं तुमी याहिले सांगतलं असंन."

मग नवरा-बायकोचं त्यांच्या गोरबोलीत सुरू झालं. मला त्यातलं 'बाबू', 'बकेट' आणि 'शँपू' एवढंच समजत होतं, पण 'बाबू' फार वेळा येत होतं. शेवटी मिस्त्री माझ्याकडे वळले. मी मार खायच्या तयारीनं उभा होतो.

"पुसलं तं पुसलं," ते म्हणाले. "पन काढलं कायले बे? मले म्हनला असता का मिस्त्री, पुसलं गेलं. म्या दोन मिनटात पुन्ना काढलं असतं. दोन मिनटं! थ्याच्यापायी म्या पाच साल कूलर बनवले?"

मी म्हटलं, "हो."

"कूलर!" ते पुन्हा म्हणाले, आणि पान्यानं त्या फाटकाला असा ठोका मारला की रस्त्यावरचा कुत्रा उठून गेला. मग बराच वेळ ते त्या फाटकाचा आवाज ऐकत उभे राहिले.

"आन बाईले," ते म्हणाले. "आन् बकेट बी घेऊन ये. सगळी खालून धू. थे तुले चांगलं जमते."

मी धुतली. उताणा पडून, चष्मा काढून, दीड तास. सोनाबाई पाणी आणून देत होत्या आणि पदरात तोंड घालून हसत होत्या. मोटार वाळल्यावर मिस्त्रींनी फळीवरचा खडू घेतला, त्याचं टोक घासलं आणि मला पुढच्या चाकाजवळ उभं केलं. "इथून हलाचं नाही. कोनत्याच बाजूनं आत याचं नाही."

चहावाला आला. त्यानं खाली पाहिलं, चिंधी पाहिली, काही न विचारता कप पायांजवळ ठेवला आणि अंगठ्याला टिचकी मारली. कप आत गेला. मग पान्याचे ठोके सुरू झाले, सावकाश, मागून पुढे. एका जागी थांबले. पुन्हा एक ठोका. खडू लोखंडावर घासल्याचा आवाज आला.

आणि मोटारीखालून एक हात बाहेर आला. त्यात तो जाड काळ्या काड्यांचा चष्मा होता, ग्रीसनं आणि बोटांच्या ठशांनी भरलेला.

"धर हा," खालून आवाज आला. "पुसू नको."

मी दोन्ही हातांनी धरला, आणि ते बाहेर येईपर्यंत तसाच उभा राहिलो.